रूपल, तू आली होतीस का?

माहीम (ता. पालघर)
४ नोव्हेंबर २०२४

चि. रूपल,

तुझ्या नावापुढं काय लिहावं ह्यातच बराच वेळ गेला. पूर्वी तू माहेरी गेलीस की पत्रावर 'सौ.' लिहायचे. आता काय लिहितात मला माहीत नाही. शेवटी 'चि.' लिहिलं. ते कोणालाही चालतं.

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. तात्यांना ऐकू अगदी कमी येतं, मशीन आणलंय पण ते कपाटात असतं. केदार तारापूरच्या त्याच कंपनीत आहे. तुझा पत्ता तुझ्या आईनं दिला. पालघरच्या बाजारात भेटली, उमरोळीहून भाजीला आली होती. कशाला हवा ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तू नवसारीला हृदयाच्या हॉस्पिटलात आहेस आणि ऑपरेशनच्या खोलीतच काम करतेस, एवढं मात्र तिनं अभिमानानं सांगितलं.

काम असं आहे. आमच्या आळीत एक बाई आहे, माझ्याच वयाची, बाहत्तरची. तिला मध्ये पाठीत एकदम दुखलं. मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयातून निघणारी मोठी नळी आतून फाटली आहे. औषधं दिली, दुखणं थांबलं, घरी आली. आता चालते-फिरते, भाकऱ्या करते. आणि आता म्हणतात ऑपरेशन करा. दुखत होतं तेव्हा केलं नाही, थांबलं तर करा म्हणतात, हे काय आहे? मुलगा म्हणतो करू या. तात्या म्हणतात दुखत नाही तर कापायचं कशाला. मला दोघांचंही पटतं, म्हणून तर घोळ झालाय.

तुला ह्यातलं कळतं. त्या बाईला समजेल असं लिहून पाठव. फोन करू नकोस, घरातला फोन केदार उचलतो.

शालू सावे


१६ नोव्हेंबर

चि. रूपल,

तुझं पत्र आलं. 'आई, ती बाई तुम्हीच ना?' ही पहिलीच ओळ. मला हसू आलं, मग लाज वाटली. मी पत्र पाठवण्याआधी वाचून बघितलं होतं, तरी त्यात तात्या कसे शिरले ते दिसलंच नाही.

हो, मीच.

श्रावणात झालं. मागच्या वाडीत पानवेल बांधत होते. हात वर होते. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कोणी जुनं लुगडं टर्रकन फाडावं तसं झालं आणि ते खाली कमरेपर्यंत गेलं. तात्या दोन वाफ्यांवर होते, मी हाका मारल्या, त्यांना ऐकू आल्या नाहीत. मग मी चिखलातच बसून राहिले. ते पान खुडत खुडत माझ्यापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "अशी बसलीस काय?"

केदारनं बोईसरला नेलं. मला वाटलं पित्त असेल, पालघरला दाखवून सोडा पिऊन घरी येऊ. पण तो म्हणाला बोईसरला कंपनीच्या डॉक्टरकडेच जायचं. बाहेर कंपनीतले कामगार रांगेत होते, त्यांनी मला पुढं सोडलं. "माताजी को पहले जाने दो," एक जण म्हणाला. डॉ. भाग्येश म्हणून तरुण मुलगा आहे. त्यानं उजव्या हाताचं बीपी घेतलं, मग डाव्याचं, मग पुन्हा उजव्याचं. दोन्ही हातांचं वेगळं आलं. त्याचा चेहरा बदलला. फोटो काढला, तो मोठ्या यंत्रातला, आणि तसंच गाडीत घालून मुंबईला धाडलं.

तिथं सुईतून औषध देऊन बीपी उतरवलं. घरी सोडलं. दिवाळीआधी पुन्हा फोटो काढला तर नळी फुगलीय म्हणाले. तेव्हापासून ऑपरेशन.

केदार मला सांगतो, "आई, काही नाही गं. छाती उघडत नाहीत. जांघेत एवढंसं भोक पाडतात, तिथून आत नळी सरकवतात, चार दिवसांत घरी." हसत हसत सांगतो. पण तात्यांना सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं. परवा मी मोरीत होते. ओटीवर त्यांचं चाललं होतं आणि केदार ओरडला, "अहो, पाय जाऊ शकतात, तात्या! पाय!" तात्या म्हणाले, "कुणाचा पाय?"

बाहेर आले तर दोघे टीव्ही बघत बसलेले.

भोक जांघेत, दुखणं पाठीत, फाटलंय छातीत, आणि जाणार पाय. रूपल, मला ह्यातलं काही जुळत नाही. तुझं पत्र चांगलं आहे, पण तू ते 'त्या बाई'ला लिहिल्यासारखं जपून लिहिलंस. मला लिही.

शालू


३० नोव्हेंबर

चि. रूपल,

तुझी चार पानं मी उशीखाली ठेवलीत. तीन वेळा वाचली. अस्तराच्या पोलक्याचं लिहिलंस ते सगळ्यात आधी कळलं. अस्तर उसवलं की हात बाहीत न जाता अस्तर आणि कापड ह्यांच्या मध्ये शिरतो, तसं रक्त शिरतं. रोज शिरून शिरून ती जागा फुगते. दुखत नाही म्हणून फुगत नाही असं नाही. जाळीची नळी आतून बसवली की उसवलेली जागा दाबली जाते. माझ्या वयाला आणि माझ्या फुप्फुसांना छाती उघडणं झेपायचं नाही, म्हणून जांघेतून. पाठीच्या कण्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाटा त्याच मोठ्या नळीतून फुटतात, त्यातली एखादी झाकली गेली तर पाय लुळे पडू शकतात. बहुतेकांचे पडत नाहीत. काहींचे पडतात. अर्धांगवायूही होऊ शकतो. आणि काहीच केलं नाही तर ती एक दिवस फुटू शकते, कधी ते कोणी सांगू शकत नाही, कदाचित फुटणारही नाही.

सगळं कळलं, आणि कळल्यावर घोळ आणखी वाढला. आधी मला वाटायचं की मला माहिती नाही म्हणून ठरवता येत नाही.

शेवटी लिहिलंस, 'मी येणार नाही आई, तिथं केदार असेल, आणि काय करा ते मी सांगणारही नाही. डॉक्टरांना हे सगळं तुम्ही स्वतः विचारा.' वाचून मला राग आला होता. पण गुरुवारी मुंबईला गेलो तेव्हा विचारलं.

डॉक्टर केदारशी बोलत होते. त्यांचं झालं आणि ते म्हणाले, "आजी, काही शंका?" मी म्हटलं, "माझे पाय जातील का?"

केदारनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घरातून काही चोरलंय. डॉक्टर मात्र खुर्ची पुढं ओढून बसले. म्हणाले, जाण्याची शक्यता थोडी आहे, नाही असं म्हणणार नाही. पाठीत बारीक नळी घालून कण्यावरचा दाब कमी ठेवू. शुद्धीवर आलात की सगळ्यात आधी पाय हलवायला सांगू, लगेच हलवायचे, कारण नाही हलले तर आम्हाला त्याच घटकेला धावपळ करता येते, उशीर झाला तर नाही. तेव्हा लक्षात ठेवा. मी म्हटलं ठेवते.

मी विचारलं, "तुमची आई असती तर?" ते म्हणाले, "माझ्या आईलाही मी हेच सांगितलं असतं आणि तीही माझ्यावर चिडली असती."

परतताना मनोरला चहाला थांबलो. कप हातात घेऊन म्हणाला, "रूपलला विचारलंस?"

मी म्हटलं, "हो."

"कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापासून."

तो रस्त्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता कप फेकतो. म्हणाला, "मग तिचं म्हणणं काय?"

"तिनं मत दिलं नाही. समजावून सांगितलं फक्त."

"हं. ते तिला जमतं." आणि चहाचे पैसे द्यायला गेला.

तुमचं दोघांचं का मोडलं हे मला आजवर उमगलेलं नाही. तुझ्या नोकरीवरून म्हणावं तर त्याला तुझ्या नोकरीचं कौतुक होतं. मूल नाही म्हणून म्हणावं तर त्यानं तो शब्द कधी काढला नाही. चार वर्षं झाली, घरात कोणी तुझं नाव घेत नाही, आणि का घेत नाही तेही कोणी सांगत नाही. आज त्यानं घेतलं म्हणून लिहिलं.

शालू


११ डिसेंबर

चि. रूपल,

उद्या भरती व्हायचंय. मी हो म्हटलंय.

कसं म्हटलं ते ऐक. रविवारी सकाळी केदारनं विचारलं, "आई, काय ते ठरव, त्यांना कळवायचंय." मी तांदूळ निवडत होते. तोंडातून "हो" निघालं. कशाला हो ते नीट ठरायच्या आधी निघालं. तो लगेच फोन लावायला उठला. मग वाटलं नाही म्हणावं, पण फोन लागला होता.

मरणाची भीती वाटते म्हणून म्हटलं असं म्हणावं तर तसं नाही. पायांची भीती त्याहून जास्त वाटते. अंथरुणावर पडून राहिले तर तात्यांना कोण बघेल आणि मला तात्या कसे बघतील? मी हाक मारली तर त्यांना ऐकू येत नाही. असं असूनही हो म्हटलं. तू जवळ असतीस तर विचारलं असतं की हे कळून म्हटलं की न कळून. तू उत्तर दिलं नसतंस ते माहीत आहे.

तात्या काल दिवसभर वाडीतच होते. संध्याकाळी ओंजळभर सोनचाफा आणून माझ्या पिशवीत टाकला, औषधांच्या चिठ्ठ्यांवर. "हॉस्पिटलात फुलं नेऊ देत नाय," मी म्हटलं. "नाय तर नाय," म्हणाले, "गाडीत तरी वास येल."

त्यांना मी मोठ्यानं विचारलं, "तुमचं काय म्हणणं? करू ना?"

म्हणाले, "तू नाय म्हणालीस तर मी तुला घरी ठेवीन. हो म्हणालीस तर गाडीत बसवीन. आमी अजून काय करणार?"

त्यावर माझं रडू काही केल्या थांबेना. ते तसेच बाजूला बसून राहिले.

शालू


माहीम
१४ जानेवारी २०२५

चि. रूपल,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. मी घरी आहे. पाय आहेत. काठी घेऊन मोरीपर्यंत जाते, काल ओटीवर जाऊन बसले. जांघेतली जखम भरली, शिवण बोटभरही नाही. एवढ्याशा जागेतून एवढं काय काय आत गेलं हे अजून खरं वाटत नाही.

पण हे पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहितेय. तू आली होतीस का?

मला जे आठवतं ते लिहिते. ऑपरेशननंतर मी माहीमच्या किनाऱ्यावर होते. हॉस्पिटल नव्हतंच. ओहोटी लागलेली, माझे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वाळूत रुतलेले. माणसं येऊन सांगत होती, पाय हलवा, पाय हलवा. मला कळत होतं की हलवले तर वाळू ढासळेल आणि मी आत जाईन. म्हणून मी हट्टानं हलवत नव्हते. माणसं ओरडायला लागली. मी हाताला बांधलेलं काहीतरी ओढलं. केदार होता कुठंतरी, तो रडत होता, आणि मला वाटलं हा का रडतोय, भरती यायला अजून वेळ आहे.

मग तू आलीस. माझ्या उशाशी बसलीस. निळे कपडे होते. म्हणालीस, "आई, वाळू भिजलेली आहे, घट्ट आहे, ढासळणार नाही. डावा पाय हलवा." तू म्हणालीस म्हणून हलवला. मग म्हणालीस उजवा. तोही हलवला. वाळू ढासळली नाही. मग मी तुझ्याशी खूप बोलले. काय बोलले ते गेलं.

घरी आल्यावर केदारला विचारलं, "रूपल आली होती ना?" तो म्हणाला, "नाही आई, ती नव्हती आली." तात्यांना विचारलं. म्हणाले, "कोण नाय आलं. मी दारातच बसलेला." केदार म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, चार-पाच दिवसांत उतरतो.

उतरला. मला आता वार कळतो, औषधांच्या वेळा कळतात, किनारा हॉस्पिटलात नव्हता हे कळतं. फक्त तू होतीस हे उतरत नाही. एवढं एक खरं-खोटं कर. नव्हतीस तर नव्हते म्हण, मला वाईट वाटणार नाही.

शालू


१० फेब्रुवारी

चि. रूपल,

तुझं उत्तर आलं होतं. 'नाही आई, मी आले नव्हते.' एवढंच. एवढं लहान पत्र तू मला कधी लिहिलं नाहीस. मी ते वाचून ठेवून दिलं आणि स्वतःला समजावलं की भ्रम होता. वाईट वाटणार नाही असं मीच लिहिलं होतं, पण वाटलं.

शनिवारी दाखवायला मुंबईला गेलो. फोटो चांगला आला, नळी जागेवर आहे, फुगलेलं ओसरतंय. केदार औषधं आणायला खाली गेला. मी बाकावर बसले होते तर निळ्या कपड्यातली एक नर्स समोर येऊन थांबली. "आजी! चालत आलात!" आणि खाली वाकून माझ्या पावलांनाच हात लावला. मी म्हटलं, "अगं अगं, काय करतेस." म्हणाली, "ह्या पायांनी आम्हाला रडवलं होतं."

स्वाती तिचं नाव. बीडकडची आहे. मी तिच्याकडे बघितलं तर तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. उशाशी बसलेला चेहरा तिचा होता. पण आवाज तिचा नव्हता.

मी विचारलं, "तू मला डावा पाय हलव म्हणालीस का?"

"आम्ही सगळेच म्हणत होतो, आजी. तुम्ही कोणाचं ऐकत नव्हता. पाय खरंच गेलेत की तुम्हाला सांगितलेलं समजत नाही, डॉक्टरांना कळेना. वाळू, वाळू म्हणत होता. मग तुमच्या मुलानं फोन लावला."

"कोणाला?"

"वहिनींना. रूपलवहिनी ना? मी तुमच्या कानाशी धरला. त्यांनी आधी तुमच्या मुलाला विचारलं, आई काय बोलतायत. त्यानं वाळूचं सांगितलं. मग त्या तुमच्याशी बोलल्या आणि तुम्ही पाय हलवलात. डावा, मग उजवा. डॉक्टरांनी टाळी वाजवली हो!"

"मग?"

"मग तुम्ही किती तरी वेळ बोलत होता. मला तुमच्याकडची भाषा अर्धीमुर्धीच कळली. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता."

केदार औषधांची पिशवी घेऊन आला, तशी ती हसली आणि गेली. गाडीत बसलो. विरार गेलं, मनोर आलं. तो चहाला थांबला नाही, मीही म्हटलं नाही.

घरी आल्यावर ओटीवर बसून ह्याच गोष्टीत घोळत राहिले. तू म्हणालीस आले नव्हते, ते खरं. केदार म्हणाला ती आली नव्हती, तेही खरं. तात्या दारात बसले होते, कोणी आत गेलं नाही, खरंच. तुम्ही तिघंही माझ्याशी एक शब्द खोटं बोलला नाहीत, आणि महिनाभर मला वाटत राहिलं की माझं डोकं बिघडलंय. तू का लिहिलं नाहीस? त्यानं नको म्हटलं होतं का? की तुलाच नको होतं? आणि त्यानं त्या वेळी डॉक्टरांना सोडून तुला का फोन लावला, हे त्याला तरी सांगता येईल का? विचारणार नाही. विचारलं तर तो पुन्हा एक खरंच उत्तर देईल आणि मी पुन्हा होते तिथंच राहीन.

एक मात्र विचारते. त्या दिवशी मी तुझ्याशी काय बोलले? कोणाला माहीत असेल तर तुलाच. वेडंवाकडं बोलले असेन, कोणाला शिव्या दिल्या असतील, तर तेही लिही. आणि घरी ये असं म्हटलं असेन, तर ते भ्रमातलं समजून सोडून देऊ नकोस. मी आता शुद्धीत आहे, वार सोमवार आहे, समोर तात्या पानं मोजतायत, आणि मी तेच म्हणतेय. कोणाची कोण म्हणून येशील हे मला सांगता येत नाही. ते तुमचं तुम्हालाही ठरवता आलेलं नाही असं मला वाटू लागलंय.

पुढच्या आठवड्यात केदारची पहिली पाळी आहे, सकाळी लवकर जातो तो दुपार उलटल्यावर येतो, तोवर घरात नसतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी. तेव्हा सकाळभर घरीच असतो, वाडीत पाणी सोडतो.

दोन्ही लिहिलं. कधी यायचं ते तू बघ.

शालू